प्रौढ दिव्यांगाचा सांभाळ आणि करसवलत



'कर' हा शब्द उच्चारला की किन्हीराजासारख्या गावी ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम घरपट्टी येते, मग पाणीपट्टी. प्राप्तिकर ही शहरातील पेढीवाल्यांची आणि पगारदारांची बाब, अशी येथील समजूत आहे. आणि ती सर्वस्वी चुकीचीही नाही. मालेगावहून शेलूबाजारकडे जाणाऱ्या रस्त्यावरील या गावाचा आणि भोवतालच्या शिवाराचा संसार सोयाबीन, तूर आणि हरभरा यांवर चालतो, व शेतीचे उत्पन्न केंद्रीय प्राप्तिकरातून मुक्त आहे. तरीही प्राप्तिकरातील सवलतीचा विषय अशाच गावी मांडावयास हवा. ज्या घरात स्वतःच्या हाताने घास घेऊ न शकणारा तीस वर्षांचा मुलगा किंवा बहीण आहे, त्या घराच्या खर्चाकडे शासन कोणत्या दृष्टीने पाहते, हे करकायद्यातील एका लहानशा कलमात जितके स्वच्छ दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसते. आणि त्या दृष्टीतून कोण निसटते, हेही तेथेच कळते.

दिव्यांग बालकाविषयी समाज आता बराच जागा झाला आहे. अंगणवाडीत त्याची नोंद होते, शाळेत आणण्यासाठी शिक्षक घरी जातात, तपासणीची शिबिरे भरतात. परंतु हेच बालक अठरा वर्षांचे झाले की एकेका नोंदवहीतून नाहीसे होऊ लागते. शाळेचा पट संपतो, शिष्यवृत्ती थांबते, आणि नेमके त्याच सुमारास आईबापांच्या शरीराला उतार लागतो. मूल दहा वर्षांचे असताना त्याला उचलून मोरीत नेणारी आई पुढे साठीची होते, आणि उचलावयाचा देह मात्र पुरुषभर झालेला असतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून अधिक दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. ती गणना दिव्यांगत्वाचे ८ प्रकार धरून केलेली होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकार मानले. तेव्हा हा आकडा वास्तवाहून कमीच समजावा. त्यांतील प्रौढांचा सांभाळ कोण करते, असा प्रश्न कोणी विचारीत नाही, कारण उत्तर सर्वांस ठाऊक आहे. घर करते.

घर करीत असलेल्या या खर्चाची दखल प्राप्तिकर कायद्याने घेतली ती १९६१ च्या अधिनियमातील कलम ८०-डीडी या नावाने. या कलमाचे रूप काळानुसार पालटत गेले. २००३ च्या वित्त अधिनियमाने त्याला अलीकडचे वळण दिले आणि साध्या दिव्यांगत्वासाठी ५०,००० रुपये, तर तीव्र दिव्यांगत्वासाठी ७५,००० रुपये अशी वजावट ठरविली. २००९ मध्ये तीव्र दिव्यांगत्वाची रक्कम १ लाख झाली. २०१५ मध्ये दोन्ही रकमा वाढून ७५,००० आणि १,२५,००० रुपये झाल्या. दिव्यांगत्व किमान ४० टक्के असावे लागते. ८० टक्के वा त्याहून अधिक असल्यास ते तीव्र मानले जाते. १९६१ च्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी २०२५ साली नवा प्राप्तिकर अधिनियम संमत झाला व तो १ एप्रिल २०२६ पासूनच्या करवर्षांसाठी आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले असले तरी ही वजावट राखलेली आहे. जुना क्रमांक लोकांच्या तोंडी बसलेला असल्यामुळे येथे तोच वापरणे सोयीचे.

या कलमाची एक गोष्ट मोलाची आहे. प्रत्यक्ष खर्च किती झाला याची त्यात मोजदाद होत नाही. औषधोपचार, शुश्रूषा, प्रशिक्षण किंवा पुनर्वसन यांवर काही खर्च झालेला असला की ठरलेली पूर्ण रक्कम वजा होते. पावत्यांची पिशवी जपून ठेवावी लागत नाही. कायदा करणाऱ्यांनी येथे व्यवहार ओळखला, असे म्हणावे लागेल. रात्रीतून तीन वेळा उठून कूस बदलून देणे, रोजची चादर धुणे, सोबत राहावे लागते म्हणून मजुरी बुडविणे, यांची पावती कोणत्या दुकानात मिळते?

आता या वजावटीचे पैशात रूपांतर करून पाहू. वजावट ही करातून नव्हे, तर उत्पन्नातून होते, हा भेद पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ७५,००० रुपयांची वजावट म्हणजे ७५,००० रुपये हाती येतात असे नाही. जुन्या करपद्धतीत ज्याच्या उत्पन्नाचा वरचा भाग २० टक्के दरात मोडतो त्याचे उपकरासह १५,६०० रुपये वाचतात, आणि ज्याचा ३० टक्के दरात मोडतो त्याचे २३,४०० रुपये. तीव्र दिव्यांगत्वाच्या बाबतीत हेच आकडे अनुक्रमे २६,००० आणि ३९,००० होतात. ज्याचे करपात्र उत्पन्न मुळातच ५ लाखांच्या आत आहे त्याला त्या पद्धतीत कर द्यावा लागतच नाही, म्हणून त्याचे वाचत काहीच नाही. अंथरुणाला खिळलेला भाऊ तिघांच्याही घरी सारखाच असतो. मात्र ज्याची कमाई अधिक त्याला सवलत अधिक. वजावटीच्या स्वरूपातच हा दोष आहे, आणि तो एकट्या भारताचा नव्हे.

इतर देशांनी यावर निरनिराळे मार्ग काढले. कॅनडाने २०१७ पासून काळजीवाहकांसाठीच्या तीन जुन्या सवलती एकत्र करून एकच सवलत ठेवली. ती उत्पन्नातून नव्हे, थेट करातून वजा होते, म्हणून श्रीमंताला अधिक आणि मध्यमाला उणे असा भेद राहत नाही. तथापि कर मुळीच नसेल तर तीही हाती पडत नाही. अमेरिकेत २०१८ च्या करवर्षापासून लहान मुलांखेरीजच्या अवलंबितामागे ५०० डॉलरची सूट करातून मिळू लागली, तिचेही तत्त्व हेच. म्हणजे सवलत कराच्या वाटेने द्यावयाची म्हटली की कर न भरणारे घर त्या वाटेवर भेटतच नाही. ही अडचण ओट्टावा आणि किन्हीराजा यांना समान आहे.

तरीही ज्यांना ही वाट मोकळी आहे त्यांनी ती चुकवू नये. किन्हीराजासारख्या गावी असे करदाते कोण? शाळांचे शिक्षक, आरोग्य कर्मचारी, ग्रामपंचायत अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी, बँकेतील सेवक, निवृत्तिवेतनधारक आणि थोडे व्यापारी. त्यांच्यापैकी अनेकांना कलम ठाऊक असते, परंतु 'अवलंबित' या शब्दाचा कायद्यातील अर्थ ठाऊक नसतो, आणि घोटाळा तेथेच होतो. कायद्याच्या दृष्टीने व्यक्तीचे अवलंबित म्हणजे पती वा पत्नी, मुले, आईवडील, भाऊ आणि बहिणी. यादी येथे संपते. मुलाला वयाची अट नाही; चाळिशीचा मुलगाही यात येतो, आणि प्रौढ दिव्यांगांच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट आहे. पण पुतण्या येत नाही, भाचा येत नाही, नातू येत नाही, विधवा भावजय येत नाही. सून नोकरी करीत असेल आणि तिच्याच पगारावर पक्षाघाताने पडलेले सासरे जगत असतील, तर ते तिच्या हिशेबात धरता येत नाहीत, कारण ते तिचे आईवडील नव्हेत.

वऱ्हाडातील घराची रचना या यादीप्रमाणे चालत नाही. भाऊ निवर्तला, त्याची बायको माहेरी गेली किंवा तीही गेली, तर मागे राहिलेल्या मतिमंद पुतण्याला काका सांभाळतो. त्यासाठी तो कोणाची परवानगी घेत नाही, आणि पुतण्या आपला 'अवलंबित' आहे की नाही हे पाहावयास कायद्याचे पुस्तकही उघडीत नाही. हिंदू अविभक्त कुटुंब हे स्वतंत्र करदाते असेल तर त्या कुटुंबाचा कोणताही सदस्य अवलंबित ठरू शकतो, एवढी एक फट कायद्यात आहे. परंतु त्यासाठी कुटुंबाचे म्हणून वेगळे करपात्र उत्पन्न असावे लागते. काकाचा पगार हा काकाचाच राहतो. नात्यांची ही यादी रुंदावण्याची गरज आहे, हे सवलतीची रक्कम वाढविण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, आवर्जून सांगावयास हवे. जो सांभाळतो त्याला सवलत मिळावी. कोण कोणाचा कोण लागतो हा प्रश्न त्यापुढे दुय्यम आहे.

आणखी दोन अटी ध्यानात ठेवाव्यात. अवलंबिताने स्वतःच्या उत्पन्नावर दिव्यांग म्हणून कलम ८०-यूची वजावट घेतलेली असेल तर त्याच्यासाठी घरच्यांना ८०-डीडी मिळत नाही. दुसरी अट प्रमाणपत्राची. सक्षम वैद्यकीय प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात आणि बहुविकलांगता यांसाठी प्राप्तिकर नियमांनी वेगळा नमुना, १०-आयए, ठरविला. प्रमाणपत्रावर पुनर्तपासणीची मुदत लिहिलेली असेल तर ती उलटल्यावर पुढील वर्षाची वजावट नव्या प्रमाणपत्राविना टिकत नाही. विवरणपत्रात वैश्विक ओळखपत्राचा, म्हणजे यूडीआयडी कार्डाचा, क्रमांकही विचारला जाऊ लागला आहे. एक गुंता येथे नमूद केला पाहिजे. १९६१ च्या अधिनियमातील ८०-डीडीच्या मजकुरात दिव्यांगत्वाची व्याख्या १९९५ च्या जुन्या कायद्याच्या आधारे होती, आणि त्या कायद्यात ७ प्रकारच होते. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया यांना दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान मिळाले ते २०१६ मध्ये. विदर्भात सिकलसेलची कुटुंबे गावोगाव आहेत. अशा कुटुंबांनी जुन्या वर्षांचा दावा करण्यापूर्वी करसल्लागाराकडून खातरजमा करून घेतलेली बरी.

वेतनधारकांचा हिशेब बहुधा फेब्रुवारीच्या वेतनदेयकाच्या घाईत उरकला जातो. लिपिक कोरा तक्ता पुढे करतो, शिक्षक विम्याचा हप्ता आणि घरकर्जाचे व्याज भरून सही करतो, आणि ८०-डीडीची ओळ रिकामी राहते. जिल्हा परिषदेच्या बदली प्रक्रियेत विशेष संवर्ग भाग १ मध्ये मतिमंद मुलांच्या पालकांना मिळणारे प्राधान्य ज्यांना तोंडपाठ असते, त्यांनाही ही ओळ अनेकदा अपरिचित असते. आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे प्रमाणपत्राची प्रत वेळेवर दिली तर वेतनातून होणारी करकपातच कमी होते. वेळ टळली तरी मुदतीत भरलेल्या विवरणपत्रात दावा करून जादा कापलेला कर परत मागता येतो.

यानंतर जी गोष्ट सांगावयाची ती अनेकांना रुचणार नाही. २०२० च्या वित्त अधिनियमाने कमी दरांची, पण बहुतेक वजावटी नसलेली पर्यायी करपद्धती आणली, आणि २०२३-२४ पासून तीच मूळ पद्धती ठरली. करदात्याने जुनी पद्धती मुद्दाम निवडली नाही तर त्याचा हिशेब नव्या पद्धतीने होतो, आणि नव्या पद्धतीत ८०-डीडी नाही. २०२५-२६ पासून तिच्यात १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर, म्हणजे वेतनधारकाच्या बाबतीत प्रमाणित वजावट धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंत, कर द्यावा लागत नाही. गावपातळीवरील बहुतेक कर्मचारी या मर्यादेच्या आत बसतात. त्यांचा कर शून्य झाला ही आनंदाची गोष्ट होय. परंतु ज्याच्या घरी दिव्यांग बहीण आहे त्याचाही शून्य, आणि ज्याच्या घरी तसे कोणी नाही त्याचाही शून्य.

मर्यादेच्या वरचे उदाहरण घेऊ. समजा, एका अधिकाऱ्याचे वार्षिक वेतन १४ लाख रुपये आहे आणि ८० टक्क्यांहून अधिक दिव्यांग असलेला भाऊ त्याच्यावर अवलंबून आहे. जुन्या पद्धतीत त्याने ५०,००० ची प्रमाणित वजावट, बचतीचे दीड लाख, घरकर्जाच्या व्याजाचे २ लाख आणि भावासाठीचे १ लाख २५ हजार असे सर्व काही वजा केले, तर उरलेल्या ८ लाख ७५ हजारांवर उपकरासह ९१,००० रुपये कर येतो. नव्या पद्धतीत ७५,००० रुपयांच्या प्रमाणित वजावटीखेरीज काहीही वजा न करता २०२५-२६ च्या दरांनी ८१,९०० रुपये येतो. अर्थात तो शहाणपणाने नवी पद्धती निवडील. त्याच्या शेजारच्या टेबलावरील, तेवढ्याच वेतनाचा, अशी कोणतीही जबाबदारी नसलेला अधिकारीही ८१,९०० रुपयेच भरील. कलम पुस्तकात आहे. पण दोन घरांतील भेद जो त्याने मान्य केला होता, तो हिशेबातून पुसला गेला आहे. घरभाड्याची सूट वा इतर मोठ्या वजावटी असणाऱ्यांना जुनी पद्धती अजूनही लाभाची ठरू शकते. म्हणून दोन्ही पद्धतींचा आकडा दरवर्षी मांडून पाहावा. वेतनधारकाला हा पर्याय दरवर्षी बदलता येतो. धंद्याचे उत्पन्न असणाऱ्याला तितकी मोकळीक नाही.

महाराष्ट्राच्या स्वतःच्या एका करात मात्र ही ओळख अधिक सरळ रीतीने जपलेली आहे. १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसविला तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करण्याच्या हेतूने. शहरातील पगारदाराच्या खिशातून खेड्यातील मजुराच्या हाताला काम, अशी ती कल्पना होती. या करातून दिव्यांग व्यक्तींना, तसेच बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीच्या आईवडिलांना किंवा पालकांना सूट आहे, आणि २०२३ मध्ये दिव्यांगत्वाची व्याख्या २०१६ च्या अधिनियमाशी जुळवून घेण्यात आली. रक्कम लहान आहे, वर्षाला फार तर २,५०० रुपये; दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००. पण ती शिपायाला आणि अधिकाऱ्याला सारखीच मिळते, आणि प्राप्तिकराच्या नव्या-जुन्या पद्धतीशी तिचा संबंध नाही. ज्या कर्मचाऱ्याच्या वेतनपत्रकावर ही कपात अकारण चालू आहे त्याने प्रमाणपत्रासह अर्ज करावा, आणि कार्यालयप्रमुखांनी अर्जाची वाट न पाहता स्वतः विचारणा करावी.

एवढे झाले कर भरणाऱ्यांचे. गावातील मोठा वर्ग या चर्चेबाहेर राहतो. त्याच्यासाठी राज्याने १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. तिचे मासिक अनुदान २०२३ मध्ये १,५०० रुपये झाले, आणि दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये. वर्षाचे ३०,००० रुपये. जुन्या पद्धतीतील ३० टक्के दराच्या करदात्याला तीव्र दिव्यांगत्वासाठी जे ३९,००० वाचत असत, त्याशेजारी हा आकडा ठेवून पाहिला तर निराधाराला दिली जाणारी रक्कम म्हणजे उपकार, ही भावना मनात राहू नये. दोन्ही ठिकाणी सरकारी तिजोरीचाच पैसा घराकडे वळतो. एके ठिकाणी तो दिसतो, दुसरीकडे दिसत नाही, इतकेच.

परंतु अनुदानाला उत्पन्नाची मर्यादा आहे. पाच-सात एकरांचा कोरडवाहू शेतकरी, ज्याचे सोयाबीन एका वर्षी पावसाने जाते आणि दुसऱ्या वर्षी भावाने, तो प्राप्तिकर भरीत नाही म्हणून सवलतीच्या बाहेर, आणि उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा थोडा वर गेला की अनुदानाच्याही बाहेर. एक दार पगारदारासाठी, दुसरे निराधारासाठी. हा मधला माणूस ओसरीवर बसून राहतो. मालेगाव तालुक्यात, आणि एकंदर वाशीम जिल्ह्यात, अशी घरे थोडी नाहीत.

त्या घरापर्यंत पोहोचू शकेल अशी एक तरतूद ग्रामपंचायतीच्याच हाती आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची आहे. हे प्रमाण पूर्वी ३ टक्के होते, २०१८ मध्ये ते ५ झाले. समजा, एखाद्या ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न वर्षाला ४ लाख रुपये आहे. तर दिव्यांगांचा वाटा २०,००० होतो. हे उत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी, तेव्हा पट्टी थकली की हा वाटाही आटतो. लहान निधी सर्वांना थोडाथोडा वाटून टाकण्याची रीत अनेक ठिकाणी आढळते. प्रत्येकी पाचशे-हजार रुपये दिले की कोणाची तक्रार राहत नाही, हे खरे. पण कोणाची गरजही भागत नाही. अंथरुणास खिळलेल्या प्रौढासाठी हवेची गादी, शौचाची खुर्ची, मोठ्यांसाठीचे लंगोट, तपासणीसाठी वाशीमला नेण्याआणण्याचे वाहनभाडे, या गोष्टींची यादी ग्रामसभेत वाचून प्राधान्य ठरविले तर तेवढ्याच पैशात दोन-तीन घरांचे वर्ष सुसह्य होते. सरपंचांनी आणि सदस्यांनी प्रथम गावातील अठरा वर्षांवरील दिव्यांगांची, त्यांना सांभाळणाऱ्या माणसाच्या नावासह, वेगळी नोंद ठेवावी. सांभाळणाऱ्याचे नाव लिहिण्याची पद्धत आज नाही.

हे नाव बहुतेक वेळा स्त्रीचे निघेल. आई, बहीण, भावजय, सून. प्राप्तिकराची वजावट पगार मिळविणाऱ्याच्या नावाने होते. जिने नोकरी वा मजुरी सोडून सांभाळ पत्करला तिचे नाव त्या कागदावर कोठेही येत नाही. ब्रिटनने १९७६ साली काळजीवाहकांसाठी रोख भत्ता सुरू केला, तेव्हा विवाहित स्त्रियांना त्यातून वगळले होते. त्या घरीच असतात, असा त्यामागचा तर्क. हा भेद दूर व्हायला १९८६ साल उजाडावे लागले. आपल्या देशात केरळने 'आश्वासकिरणम्' या योजनेद्वारे अंथरुणास खिळलेल्यांची पूर्णवेळ शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीला दरमहा ६०० रुपये देण्याचे ठरविले. रक्कम तुटपुंजी आहे. तथापि ती रुग्णाच्या नव्हे, शुश्रूषा करणाऱ्याच्या नावाने आहे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. त्या विभागाच्या कामात काळजीवाहकाचा विचार यावा, ही अपेक्षा अवाजवी ठरू नये.

शेवटचा प्रश्न प्रत्येक अशा घरात रात्री केव्हातरी उच्चारला जातो: आमच्या पश्चात याचे काय? ८०-डीडीने त्याचे एक उत्तर आधीपासून ठेवले होते. मान्य विमा योजनेत आईबापांनी रक्कम गुंतविली तर तिच्यावर वजावट मिळे. मात्र दिव्यांगाला पैसे मिळत ते गुंतविणाऱ्याच्या मृत्यूनंतरच. आईबाप सत्तरीत पोहोचले, कमाई थांबली, तरी जिवंतपणी त्या पैशाला हात लावता येत नसे. आयुर्विमा महामंडळाच्या 'जीवन आधार' योजनेच्या अनुषंगाने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने तरतूद रद्द करण्यास नकार दिला, परंतु दिव्यांगाला पालकांच्या हयातीतही पैशाची गरज पडू शकते हे ध्यानी घेऊन केंद्र शासनाने फेरविचार करावा, असे सुचविले. २०२२ च्या वित्त अधिनियमाने तो बदल केला. गुंतविणाऱ्याला ६० वर्षे पूर्ण होऊन त्याने हप्ते भरणे थांबविले असेल, तर त्याच्या हयातीतच दिव्यांगाला रक्कम मिळू शकते.

राज्य शासनाच्या आणि जिल्हा परिषदेच्या जुन्या सेवकांपाशी आणखी एक आधार आहे. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांनुसार, उपजीविका करण्यास असमर्थ असलेल्या दिव्यांग मुलाला वा मुलीला आईवडिलांमागे कुटुंब निवृत्तिवेतन आजीवन मिळू शकते. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेल्या शिक्षकांना हा नियम लागू आहे. त्यासाठी अपत्याचे नाव आणि दिव्यांगत्व सेवाभिलेखात व कुटुंबाच्या तपशिलात सेवेत असतानाच नोंदविले गेले पाहिजे. काही कुटुंबे संकोचाने हे नाव लिहीतच नाहीत. बहिणीच्या लग्नात अडचण येईल, लोक काय म्हणतील, असे वाटते. पुढे आईवडील दोघेही गेल्यावर तोच भाऊ आपल्या मतिमंद बहिणीसाठी कार्यालयात खेपा घालतो, आणि अभिलेखात तिचे अस्तित्वच नसते.

कायदेशीर पालकत्वाचाही विचार येथेच करावा लागतो. अठरा वर्षे पूर्ण झाली की कायद्याच्या दृष्टीने आईबाप हे प्रौढ अपत्याचे नैसर्गिक पालक राहत नाहीत. बँकेतील खाते, शेताचा हिस्सा, अनुदान यांवर त्याच्या वतीने सही कोण करणार, हा पेच उभा राहतो. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ ने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार अवस्थांतील प्रौढांसाठी पालक नेमण्याचा सोपा मार्ग दिला. त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती अर्ज ऐकून निर्णय देते. अर्ज आईवडील करू शकतात, नातलग करू शकतात, नोंदणीकृत संस्थाही करू शकते. आणि येथे मघाचा काका अपात्र ठरत नाही. ज्या पुतण्यासाठी प्राप्तिकर त्याला ओळखत नाही, त्याच पुतण्याचा तो कायदेशीर पालक होऊ शकतो. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब सादर करावयाचा असतो, म्हणून सातबाराचा उतारा, खातेपुस्तक व अनुदानाची कागदपत्रे अर्जाच्या वेळीच एकत्र करून ठेवलेली बरी. अर्ज वाशीमच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जातो.